पाण्याचे रंग, माणसांचे चेहरे आणि अजिंठ्याची जनावरे

चित्रकलेवर व्याख्यान द्यायचे म्हणजे वक्त्याची मोठी पंचाईत असते. गाण्यावर बोलणारा दोन ताना घेऊन दाखवतो, नाटकावर बोलणारा एखादा प्रवेश म्हणून दाखवतो. चित्रावर बोलणाऱ्याजवळ शब्दांखेरीज दुसरे साधन नसते, आणि जे डोळ्यांनी पाहायचे ते कानांवाटे पोहोचवण्याचा हा सारा खटाटोप असतो. म्हणून आज मी फार मोठ्या गोष्टी बोलणार नाही. चित्रकलेचा इतिहास सांगणार नाही, की सौंदर्यशास्त्राचे सिद्धान्तही मांडणार नाही. तीनच प्रकारच्या चित्रांविषयी मला बोलायचे आहे: जलरंगातली चित्रे, माणसांची व्यक्तिचित्रे, आणि जनावरांची गमतीची चित्रे. वरवर पाहता या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण माझे म्हणणे असे की, तिन्ही ठिकाणी चित्रकाराचा कस एकाच गोष्टीत लागतो. काय रंगवावे हे पुष्कळांना कळते. काय सोडून द्यावे हे ज्याला कळते तो चित्रकार.

हा विषय हर्सूलमध्ये घेण्याला एक कारण आहे. आपल्या दारावरून जो रस्ता फुलंब्री-सिल्लोडकडे जातो, तोच पुढे अजिंठ्याला जातो. शहरातून शंभरएक किलोमीटरांची ती वाट. साऱ्या जगातून माणसे ती लेणी पाहायला येतात आणि हर्सूलवरून पुढे जातात. आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांच्या मोटारी पाहतो. आपल्यापैकी कितीजण त्या लेण्यांत जाऊन आले आहेत? आणि जे गेले, त्यांपैकी किती जणांनी मान वर करून छताकडे पाहिले? हा प्रश्न मी कोणाला लाजवण्यासाठी विचारीत नाही. मी स्वतः पहिल्या दोन खेपांना छत पाहिले नव्हते.

पाणी, डिंक आणि कागद

प्रथम जलरंग म्हणजे काय ते पाहू. रंगाची पूड कशात तरी कालवल्याशिवाय ती कागदाला धरत नाही. ती तेलात कालवली की तैलरंग होतो. डिंकाच्या पाण्यात कालवली की जलरंग होतो. हा डिंक बाभळीच्या जातीच्या झाडांचा असतो, म्हणजे आपल्याला काही परका नाही. तैलरंगाचा थर जाड असतो आणि तो पृष्ठभाग झाकून टाकतो. काळ्यावर पांढरा रंग चढवता येतो, चुकलेले नाक खरवडून पुन्हा काढता येते. पारदर्शक जलरंगाचे तसे नाही. तो इतका पातळ असतो की उजेड त्यातून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि परत रंगातून बाहेर येतो. जलरंगाच्या चांगल्या चित्राला आतून उजेड आल्यासारखा वाटतो तो यामुळे.

यातून एक मोठी अडचण उभी राहते. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरीत नाहीत. पांढरे हवे असेल तिथे कागद कोरा सोडावा लागतो. तलावाच्या पाण्यावर सकाळचे ऊन चमकते आहे असे दाखवायचे असेल, तर ती चमक चित्रकार काढत नाही. ती सोडून तो भोवतालचे पाणी काढतो. म्हणजे पहिला कुंचला टेकवण्यापूर्वीच शेवटी काय कोरे राहणार हे त्याला ठाऊक असावे लागते. चुकून त्या जागी रंग गेला, तर तो पूर्णपणे निघत नाही. धुवायला गेले की कागदाचा पोत बिघडतो, आणि वरून दुसरा रंग दिला की चिखल होतो.

त्यात आपल्याकडचे ऊन. आमच्या मराठवाड्यात चैत्र-वैशाखात जलरंग घेऊन बाहेर बसलात, तर आकाशाचा हात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेईपर्यंत पहिले टोक वाळून गेलेले असते, आणि मध्ये दोरीसारखी रेघ उमटते. म्हणून जाणता माणूस उन्हाळ्यात पहाटे निघतो, कागद दोन्ही बाजूंनी चांगला भिजवून घेतो आणि आठ-नऊच्या आत उठतो. कोकणात याच्या उलट. पावसाळ्यात तिथे कागद वाळता वाळत नाही. जलरंगाच्या चित्रकाराला हवेशी जमवून घ्यावे लागते, शेतकऱ्याला घ्यावे लागते तसेच.

आता कोणी म्हणेल, हा सारा इंग्रजांनी आणलेला प्रकार. आपला त्याच्याशी काय संबंध? पारदर्शक जलरंगाची पद्धत आपल्याकडे इंग्रजी अमदानीत रुजली हे खरे आहे. परंतु पाणी, डिंक आणि कागद यांचे नाते या भागात त्याहून पुष्कळ जुने आहे. दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा नावाचे गाव आहे. तिथे हाताने कागद करण्याची परंपरा चौदाव्या शतकापासून, महंमद तुघलकाने दौलताबादेला राजधानी आणली त्या काळापासून, सांगतात. आणि १६५० साली आपल्याच या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, भानुदत्ताच्या ‘रसमंजरी’ या संस्कृत ग्रंथाची एक सचित्र पोथी तयार झाली. दख्खनच्या मोगल छावणीतल्या एका रजपूत सरदाराच्या घराण्यासाठी ती केली होती. दख्खनी चित्रकलेच्या अभ्यासात ती महत्त्वाची मानली जाते. तिच्यातील रंगही पाण्यात कालवलेलेच, मात्र ते दाट, अपारदर्शक. तेव्हा जलरंग हे आपल्या घरचे माहेरवाशीण आहे म्हणा. सासरी जाऊन ती नवी रीत शिकून आली, इतकेच.

दिवा धरलेली बाई

जलरंगाच्या या अवघड रीतीने माणसाचा चेहरा काढणे म्हणजे तर अवघडावर अवघड. निसर्गचित्रात एखादे झाड चार बोटे इकडे सरकले तरी कोणाचे बिघडत नाही. चेहऱ्यात पापणी केसभर चुकली की माणूस बदलतो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, नाहीतर वाण्याच्या दुकानातल्या दिनदर्शिकेवर, एक चित्र तुम्ही पाहिले असेल. एक तरुण स्त्री उभी आहे. एका हातात तिने पेटता दिवा धरला आहे आणि वाऱ्याने तो विझू नये म्हणून दुसरा हात ज्योतीआड धरला आहे. तो उजेड बोटांतून झिरपून तिच्या तोंडावर पडला आहे. मागे कसला देखावा नाही. हे चित्र राजा रविवर्म्याचे, असे बहुतेक लोक सांगतात. मीही सांगत असे. एकदा चार पाहुण्यांसमोर मी ते मोठ्या ऐटीत सांगितले, आणि त्यांतल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला शांतपणे विचारले, “रविवर्मा कधी वारला?” मला सांगता आले नाही. रविवर्मा १९०६ साली वारला. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे. ते काढले सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी, आणि ते तैलरंगातले नसून जलरंगातले आहे. म्हणजे एका वाक्यात मी दोन चुका केल्या होत्या.

हळदणकरांचा जन्म १८८२ चा. सावंतवाडीसारख्या लहान संस्थानातला हा मुलगा संस्थानाच्या आधाराने मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत गेला. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रकलेची शिकवणीशाळा काढली. १९१८ साली ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था उभी करणाऱ्यांत ते होते. १९६८ साली त्यांचे निधन झाले. दिव्याच्या चित्रासाठी त्यांची कन्या गीता हीच त्यांच्यासमोर उभी राहिली होती. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्या कन्येला दीर्घ आयुष्य लाभले. २०१८ साली, वयाची शंभरी ओलांडून, त्या कोल्हापुरात वारल्या.

आता मघाशी सांगितलेले जलरंगाचे गणित या चित्राला लावून पाहा. चित्रात अंधार आहे. अंधार म्हणजे दाट रंग, आणि दाट रंग जलरंगात आणायचा म्हणजे पातळ थरावर पातळ थर, प्रत्येक थर वाळू देऊन. एक थर घाईने दिला की खालचा ढवळून निघतो. आणि त्या अंधाराच्या मधोमध चेहऱ्यावरचा उजेड राखायचा, म्हणजे तिथे रंग अगदी बेताचा देऊन कागदाला आतून उजळू द्यायचे. ज्या हाताने अंधार घालायचा, त्याच हाताने उजेडाला धक्का लावायचा नाही. ती बाई ज्योतीला जशी जपते आहे, तसा चित्रकार कागदाला जपतो आहे. आणि ज्योतीपेक्षा आपल्याला तिचा उजेडच दिसतो, ही या चित्राची खरी करामत.

जलरंगात माणसे काढणारे आपल्याकडे दुसरेही मोठे चित्रकार झाले. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर, १८६७ ते १९४४, हे त्यांतले अग्रणी. ज्या जे. जे. मध्ये ते १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून गेले, तिथेच त्यांनी आयुष्य काढले आणि त्या अनुभवांवर ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे पुस्तक लिहिले. १९२० साली निघालेल्या ऑटो रॉथफील्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या ग्रंथात नाना जातीजमातींच्या स्त्रियांची त्यांची रंगीत चित्रे आहेत. आपल्या बायका चातुर्मासात ज्या कहाण्या सांगतात, त्यांचे किंकेडने इंग्रजीत केलेले पुस्तक १९१४ साली निघाले, त्यालाही चित्रे धुरंधरांचीच. रस्त्यावरचा फेरीवाला, दारातली बाई, पाटीवाला, अशी माणसे ते थोडक्या रेघांत उभी करीत. त्यांची पोस्टकार्डे त्या काळी घरोघर गेली. थोडक्यात उभे करणे म्हणजे पुन्हा तेच: बाकीचे सोडून देणे.

एका घरातले चित्र

व्यक्तिचित्रात काय सोडावे, हे मला पुस्तकातून कळले नाही, घरात कळले. मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. गावातल्या एका ड्रॉइंग मास्तरांनी आमच्या आईचे चित्र जलरंगात काढले. ती कामातून मोकळी होईल तशी ओसरीवर येऊन बसायची, आणि मास्तर पाण्याची वाटी पुढ्यात घेऊन वाट पाहत बसायचे. तीन-चार दिवसांत चित्र झाले. अण्णांनी पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. आईने मुद्दाम घातलेला पुतळ्यांचा हार चित्रात नव्हता. नथ नव्हती. लुगड्याचे काठ दोन फटकाऱ्यांत संपवले होते.

अण्णा म्हणाले, “मास्तर, दागिने राहिले की.”

मास्तर म्हणाले, “राहिले नाहीत, सोडले. वहिनी बसल्या होत्या तेव्हा त्यांचे लक्ष आतल्या दुधाकडे होते. ते मी काढले. दागिने काढले असते तर ते गेले असते.”

अण्णांना हे पटले नाही, पण त्यांनी पैसे दिले. चित्र माजघरातून बैठकीत आले, आणि तिथे आम्ही ते नेमके पूर्वेच्या खिडकीसमोर टांगले. सकाळचे ऊन रोज त्यावर पडे. चित्र कसे झळाळते, असे आम्हांला वाटे. पंधरा-सोळा वर्षांत त्याचा परिणाम दिसला. जलरंगातले काही रंग उन्हाला टिकत नाहीत, आणि त्यांत तांबड्याच्या काही छटा सर्वांत नाजूक. आधी ओठांचा रंग गेला. मग कपाळावरचे कुंकू फिकट होत होत दिसेनासे झाले. गालांवर जो पिवळसर, मातकट रंग होता तेवढा राहिला, कारण तो मातीचाच असतो आणि माती उन्हाला भीत नाही.

तोवर आई गेली होती. मला ते चित्र पाहवेना. मी अण्णांना म्हटले, चित्र उतरवू या, आता त्यात काही राहिले नाही. अण्णा रोज त्याच्यासमोर वर्तमानपत्र घेऊन बसत. ते म्हणाले, “मला तर ती तशीच दिसते. दुधाकडे लक्ष आहे तिचे.”

मास्तरांचे म्हणणे अण्णांना पटायला इतकी वर्षे लागली. रंग गेले, पण मास्तरांनी पकडलेला तो क्षण गेला नाही. उरलेले अण्णा स्वतः भरून घेत होते. हार आणि नथ काढली असती, तर कदाचित आज आमच्यापुढे एका फिकट झालेल्या हाराचे चित्र असते. मात्र ऊन आम्ही पडू दिले, ही चूक आमची, आणि तिचे मला आजही वाईट वाटते.

छतावरची गंमत

मातीचा रंग टिकतो म्हणालो, त्याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या चित्रांना पुष्कळजण तैलरंग समजतात. ते तसे नाहीत. खडकावर मातीचा गिलावा, त्यात भाताचे तूस, काड्या, तंतू आणि वाळू. वर चुन्याचा पातळ हात. आणि तो वाळल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. तांबडा म्हणजे गेरू, पिवळा म्हणजे पिवडी, काळा म्हणजे दिव्याची काजळी, हिरवा म्हणजे एक हिरवट माती. निळा तेवढा परदेशचा, अफगाणिस्तानाकडून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा. म्हणजे लाजवर्द सोडला तर हे सारे साहित्य आपल्या अंगणातले, आणि तेही पाण्याशी सोयरीक असलेले. इथे पांढरा रंग सोडत नाहीत, देतात. एवढा फरक लक्षात ठेवावा. या लेण्यांतली सर्वांत जुनी चित्रे इसवी सनापूर्वीची आहेत. पण ज्यांची एवढी कीर्ती आहे ती बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातली.

भिंतींवर मुख्यतः जातककथा आहेत. बुद्धाच्या मागच्या जन्मांच्या त्या गोष्टी, आणि त्यांत बुद्ध कधी हत्ती असतो, कधी वानर, कधी हंस. सतराव्या लेण्यात एका हत्तीची गोष्ट आहे. आंधळ्या आईला सांभाळणारा हा हत्ती राजाच्या माणसांनी धरून नेला. त्याला उत्तम चारा घातला, पण तो तोंड लावीना. राजाने कारण विचारले, आणि आईची हकीकत कळल्यावर त्याला सोडून दिले. मायलेकरांची भेट चित्रकाराने दाखवली आहे. हत्तीचा चेहरा म्हणजे काय, एक सोंड, दोन कान आणि बारीक डोळे. त्यावर हसू उमटत नाही, रडू उमटत नाही. तरीही त्या चित्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला काय झाले ते कळते, कारण चित्रकाराने हत्तीला माणसाचे तोंड दिलेले नाही. अंगाच्या वळणाने आणि सोंडेच्या स्पर्शाने त्याने काम भागवले आहे.

भिंतीवर कथा असल्यामुळे चित्रकारावर जबाबदारी असते. भिक्षूंनी सांगितलेली गोष्ट नीट यायला हवी. छतावर मात्र कथा नसते. तिथे चौकोन आखून वेलबुट्टी, फळे, फुले आणि जनावरे भरायची असतात. आणि जबाबदारी संपली की माणसाचा मूळ स्वभाव बाहेर येतो. पहिल्या लेण्याच्या छतावर पाहा. कमळांच्या तळ्यात हत्ती असा बागडतो आहे की, एवढ्या मोठ्या देहाला कोणी इतके हलके कसे केले याचे नवल वाटावे. कुठे हंस आहेत, कुठे खुजी, पोट सुटलेली माणसे विचित्र हावभाव करीत बसली आहेत. याच लेण्यात झुंजणारे दोन बैल आहेत. पोळ्याला बैल सजवणाऱ्या माणसाने त्यांच्या मानेचा ताण पाहावा. चूक काढता येणार नाही. दुसऱ्या लेण्यात छतावर हंसांची एक फेरी आहे. एक मान वळवून मागे पाहतो, एक पंख खाजवतो, एक शेजाऱ्यावर रागावल्यासारखा दिसतो. एकासारखा दुसरा नाही.

एवढ्यानेही कारागिरांचे समाधान झाले नाही. पहिल्याच लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणे कोरली आहेत. चौघांत मिळून डोके मात्र एकच. एक बसले आहे, एक मान वळवते आहे. ज्या हरणाकडे पाहावे त्याचेच ते डोके वाटते. तीन डोकी शिल्पकाराने सोडून दिली, आणि ती सोडली म्हणूनच हे शिल्प दीड हजार वर्षे लोकांना हसवत आले आहे. इतक्या गंभीर, धर्माच्या जागी ही चेष्टा कोणी चालू दिली, असा प्रश्न पडतो. मला वाटते, ज्यांनी चालू दिली ते मोठ्या मनाचे होते. करुणा आणि गंमत एका घरात राहू शकतात, हे त्यांना ठाऊक असावे.

हीच परंपरा आपल्या काळात दुसऱ्या वेषात आली. १९५० नंतरच्या वर्षांत शि. द. फडणीसांनी ‘मोहिनी’ मासिकासाठी काढलेले एक मुखपृष्ठ जुन्या वाचकांना आठवत असेल. एक तरुण आणि एक तरुणी शेजारी उभी आहेत. एकाच्या कपड्यावर मांजरे छापलेली, दुसऱ्याच्या कपड्यावर उंदीर. आणि कपड्यांवरच्या त्या जनावरांना एकमेकांची चाहूल लागली आहे. खाली एक शब्दही नाही. शब्द लिहिला असता तर गंमत निम्मी झाली असती. विनोदी चित्रातही सोडून देण्याची ती जागा चुकत नाही.

ज्यांना सोडवले नाही

आता दुसरी बाजू. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला शिकारीच्या निमित्ताने फिरताना ही लेणी दिसली. पुढे १८४४ साली रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. त्याने त्या कामात आयुष्याची कित्येक वर्षे घातली. त्याच्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्या जळाल्या. मग १८७२ पासून जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन लेण्यांत आले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांतलेच. त्यांनी अनेक हंगाम तिथे काढून मोठमोठे पट रंगवले. ते विलायतेला गेले, आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतलेही पुष्कळ नष्ट झाले.

नकला जळाल्या याचे दुःख आहेच. पण मूळ चित्रांचे काय झाले ते ऐका. अंधारात रंग नीट दिसावेत म्हणून या नकलाकारांनी मूळ चित्रांवर व्हार्निश फासले. त्या क्षणी रंग उजळले. पुढे ते व्हार्निश पिवळे, तपकिरी पडले, त्यावर धूळ-धूर बसला आणि चित्रे त्याखाली झाकली गेली. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावले. तेव्हापासून आजपर्यंत ही चित्रे सांभाळण्याचे आणि स्वच्छ करण्याचे काम एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आले आहे. व्हार्निश लावणारे दुष्ट नव्हते. त्यांचे त्या चित्रांवर प्रेम होते आणि त्या प्रेमापायी त्यांनी आयुष्ये झिजवली. त्यांच्या हातून चित्राला आहे तसे सोडणे तेवढे झाले नाही. आमच्या बैठकीत पूर्वेची खिडकी उघडी ठेवणारे आम्ही, आणि ते, यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

आपण काय करावे

व्याख्यानाच्या शेवटी उपदेश करू नये असे म्हणतात. मी उपदेश करीत नाही, घरगुती चार सूचना देतो. तुमच्या घरी जलरंगातले चित्र असेल, मग ते आजोबांचे असो की शाळेतल्या मुलीने काढलेल्या निळ्या मांजराचे, ते उन्हासमोर टांगू नका. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका. चौकटीत बसवताना काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये पुठ्ठ्याची किनार घाला. नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो. वर्षातून एकदा चौकट उतरवून मागून पाहा, कसर लागली आहे का. एवढ्याने चित्राचे आयुष्य कितीतरी वाढेल.

आणि मुलीने मांजर निळे काढले म्हणून तिला रागावू नका. मांजर कसे चालते हे तिने पाहिले आहे का, एवढेच विचारा. अजिंठ्याच्या छतावरचे हत्ती आणि हंस ज्यांनी काढले त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पण त्यांनाही लहानपणी कोणीतरी जनावरे निवांत पाहू दिली असली पाहिजेत.

शेवटची विनंती दिव्याच्या बाईविषयी. उद्या कोणाच्या घरी ते चित्र दिसले आणि यजमान रविवर्म्याचे नाव सांगू लागले, तर माझी झाली तशी त्यांची फजिती करू नका. चहा झाल्यावर हळूच सांगा की हे आपल्या सावंतवाडीच्या हळदणकरांचे, आणि हे पाण्याने काढले आहे. मग त्यांना चित्राजवळ नेऊन तो उजेड दाखवा. तो रंगाचा नाही, कागदाचा आहे. आणि पुढच्या खेपेला हर्सूलहून अजिंठ्याच्या गाडीत बसाल, तेव्हा लेण्यात शिरल्यावर भिंतींपुढे हात जोडून झाले की थोडे थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या, आणि मान वर करा. हंस तिथेच आहेत.